जगात जर्मनी, भारतात परभणी... आणि मधे नाशिकची टेस्टिंग रूम

जानेवारी उजाडला की पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या आपल्या पोरापोरींच्या स्टेटसवर एक फोटो हमखास दिसतो. मागं द्राक्षाच्या ओळी, लांब गंगापूर धरणाचं पाणी, आणि हातात दांडीचा काचेचा ग्लास. खाली दोन तऱ्हेच्या कमेंट पडतात. एक, "भारीच की!" दुसरी, "हे काय नवीन थेर?" दोन दिवस वाद होतो आणि विषय संपतो.

मला त्या वादात पडायचं नाही. प्यावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण त्या फोटोमागं जी खोली आहे, जिला तिथं टेस्टिंग रूम म्हणतात, तिचा इतिहास आपल्या जिल्ह्यानं नीट वाचावा असं मला वाटतं. कारण तो दारूपेक्षा जास्त शेतीचा इतिहास आहे. शेतमालाचा भाव कोण ठरवतो, या आपल्या रोजच्या दुखण्याशी त्याचा थेट संबंध आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी, जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी तिथं काय चालतं ते सांगतो. पैसे भरून नाव नोंदवायचं. मग एक जण दहा-पंधरा लोकांचा घोळका घेऊन वायनरी दाखवतो. द्राक्षं कुठं उतरतात, घड कुठं चिरडतात, थंड ठेवलेल्या स्टीलच्या उंच टाक्यांत रस कसा आंबतो, ओकच्या लाकडी पिंपात वाईन महिनोन्‌महिने का ठेवतात. काळ्या द्राक्षाचा गरही बहुतेक पांढराच असतो, लाल रंग सालीतून उतरतो, हे ऐकून निम्मे लोक चकित होतात. मग टेबलाशी उभं करून पाच-सहा प्रकारची वाईन प्रत्येकी दोन-तीन घोट देतात. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताची ऊब वाईनला लागत नाही. तिरका करून रंग बघा. गोल फिरवा, वास घ्या, मगच तोंडात घ्या. कुणाला पेरूचा वास येतो, कुणाला मिऱ्याचा, कुणाला काहीच येत नाही. नाही आवडली तर ओतून द्यायला भांडं ठेवलेलं असतं.

एवढंच. पण बघा, इथं माणसाला प्यायला कमी आणि ऐकायला जास्त मिळतं. अन् गिऱ्हाईक माल घ्यायच्या आधी शेत बघतं. आपल्या मोंढ्यात कापूस किंवा सोयाबीन घेणारा कधी विचारतो का, हे कुठल्या शिवारात पिकलं?

आता जुन्या काळात जाऊ. वाईन ही साहेबांनी आणलेली गोष्ट आहे असा समज आहे. तो मराठवाड्यापुरता तरी खोटा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली. त्यात आपलं पैठण आहे आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आहे. तिथला माल गाड्यांतून भडोच बंदरात जायचा, अशी नोंद आहे. आणि त्याच भडोच बंदरात बाहेरून काय उतरायचं, त्या यादीत वाईन आहे. इटलीची जास्त पसंत पडे, हेही लिहून ठेवलंय. तेरच्या उत्खननात रोमन जगाशी झालेल्या व्यापाराच्या खुणा सापडल्या आहेत, तिथल्या लामतुरे संग्रहालयात पुरातन वस्तू बघायला मिळतात.

पुढं अजिंठा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याचं छत बघा. परदेशी टोपी-अंगरख्यातली मंडळी हातात पेला घेऊन बसलेली आहेत, शेजारी सेवक उभे आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे द्राक्ष मराठवाड्याच्या मातीला नवं नाही.

मग आपल्याकडं पेला आणि शेत यांची फारकत कधी झाली? आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात दारू, ताडी, शिंदी म्हणजे आबकारी, आणि आबकारी म्हणजे सरकारी खजिन्याच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक. झाड शेताच्या बांधावर, पण त्याचा रस काढायचा हक्क लिलाव घेणाऱ्याचा. महसूल हैदराबादला जायचा, नशा गावात राहायची. म्हणूनच मुक्तिसंग्रामात जंगल सत्याग्रहासोबत शिंदीची झाडं तोडण्याची चळवळ झाली. घरातल्या म्हाताऱ्यांकडून हे ऐकलेलं असेल. लोकांचा राग झाडावर नव्हता. झाडाच्या आडून जो खजिना भरत होता, त्यावर कुऱ्हाड चालली होती.

संस्थान गेलं, पण दारू विकायची पद्धत फारशी बदलली नाही. देशी दारूचं दुकान आठवा. लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, आत अंधार. बाई-माणूस त्या बाजूनं जाताना पदर सावरून जाणार. आत काय भरलंय, कशापासून बनलंय, कुठल्या शेतातून आलं, कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. त्याचा त्रास किती, ते आपल्या आया-बहिणींना विचारा. म्हणून तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद करता येतं, असा नियम राज्यात करावा लागला. हा राग खरा आहे आणि त्याची चेष्टा कुणी करू नये.

ही जाळी काढून दार उघडायचं काम महाराष्ट्रात दोन टप्प्यांत झालं.

पहिला टप्पा नारायणगावचा. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात इंडेज उभी केली. फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेतली आणि फसफसणारी वाईन 'ओमर खय्याम' नावानं परदेशी पाठवली. पुणे जिल्ह्यातल्या द्राक्षाची बाटली युरोपात विकली गेली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

दुसरा टप्पा नाशिकचा. राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकला, तिथं ओरॅकल कंपनीत नोकरी केली आणि १९९० च्या दशकात ती सोडून नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आला. त्यानं आधी दुसरी पिकं करून पाहिली. मग डोक्यात आलं की कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यासारखी हवा इथं हिवाळ्यात असते, तर वाईनची द्राक्षं का लावू नयेत? केरी डॅम्स्की नावाचा तिकडचा वाईन बनवणारा सल्लागार मिळाला. आई सुलभा, तिच्या नावावरून कंपनीचं नाव 'सुला'. २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या.

इथं नापाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, बहुतेक वायनरी त्यात बुडाल्या. बंदी उठली तरी कितीतरी वर्षं तिथल्या वाईनला किंमत नव्हती. १९६६ साली रॉबर्ट मोंडावी यांनी नापात नवी वायनरी बांधली, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची म्हणूनच बांधली. या, बघा, चाखा, मग घ्या. दहा वर्षांनी, १९७६ साली पॅरिसमध्ये डोळ्यांआड नाव ठेवून चव घेण्याची स्पर्धा झाली आणि नापाच्या वाईननं फ्रेंचांना मागं टाकलं. आज नापा वाईनइतकंच पाहुण्यांवर जगतं. सामंतांनी हे जवळून पाहिलेलं होतं.

पण एका माणसाच्या डोक्यातून एवढं सगळं होत नाही, हे आपण विसरतो. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. महाराष्ट्रातल्या द्राक्षापासून बनलेल्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झालं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. पुढं विक्रीवरच्या वीस टक्के व्हॅटपैकी सोळा टक्के उद्योगाला परत देण्याची योजनाही आली. म्हणजे इतर दारूकडून सरकार पैसा घेत होतं आणि वाईनवरचा सोडून देत होतं. नाव द्यायचं कारण एकच होतं: यात द्राक्ष उत्पादकाचं भलं आहे.

आणि २००५ साली सुलानं गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली. भारतातली ती पहिली. पुढं तिथं संगीत महोत्सव आला, राहायच्या खोल्या आल्या, जेवणाची हॉटेलं आली. वर्षाला तीन लाखांहून जास्त पाहुणे येऊ लागले. शेजारी यॉर्क, सोमा यांसारख्या वायनरींनीही दारं उघडली. त्र्यंबकेश्वराला आलेली गाडी परतताना द्राक्षमळ्याकडं वळू लागली.

या खोलीनं काय बदललं? माझ्या मते तीन गोष्टी. एक, जाळीच्या आड असलेली वस्तू उजेडात आली. बायको, बहीण, सासू-सासरे सोबत येऊन बसू लागले, नुसता द्राक्षाचा रस किंवा पिझ्झा मागवून परत जाणारेही झाले. दोन, मधला व्यापारी काही प्रमाणात बाजूला झाला. दारात विकलेल्या बाटलीवर वितरकाचं कमिशन जात नाही. तीन, आणि ही सगळ्यात मोठी, पाहुणा जे विकत घेतो त्यात बाटली थोडी आणि दिवस जास्त असतो. त्याला ओळीतून चालायचंय, फोटो काढायचाय, काहीतरी शिकून जायचंय. बाटलीचा बाजार पडला तरी हा धंदा लगेच पडत नाही.

मग प्रश्न, हे सगळं द्राक्ष उत्पादकाच्या भल्यासाठी होतं ना? त्याचं काय झालं?

२००१ नंतर राज्यात डझनावारी वायनरी निघाल्या आणि शेतकऱ्यांनी धडाधड वाईनच्या जाती लावल्या. शेनीन ब्लाँ, सोव्हिन्यो ब्लाँ, शिराज, कॅबर्ने. २००८ च्या शेवटी जगात मंदी, त्यात मुंबईवरचा २६/११ चा हल्ला. हॉटेलं रिकामी पडली, वाईनचा खप बसला. इंडेज कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. अनेक वायनरींच्या टाक्या आधीच भरलेल्या, नवा माल उचलायचा कशाला?

आता यातली मेख समजून घ्या. थॉमसन द्राक्षाचा व्यापारी आला नाही तर शेतकरी ते गाडीवर विकतो, नाहीतर बेदाणा करतो. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते खायला कुणी घेत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिनं हात वर केले की संपलं. वेलीला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फवारण्या, तारा, मांडव, सगळा खर्च झालेला. भाव पडले आणि कित्येकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या.

म्हणजे एकाच पिकाच्या दोन कथा झाल्या. ज्याच्याकडं पाहुण्यांची खोली होती तो तरला, वाढला, २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारातही गेला. ज्याच्याकडं फक्त वेल होती तो उघडा पडला. द्राक्ष दोघांचं सारखंच होतं. तगलेल्या कंपन्यांनी पुढं शेतकऱ्यांशी अनेक वर्षांचे करार केले, त्यातून बऱ्याच जणांना ठरलेला भाव मिळतो, हेही खरं आहे. पण करारात शेतकरी माल पुरवणाराच राहतो. पाहुण्याला त्याचं नाव कळत नाही.

याला दुसरा रस्ता होता का? होता, आणि तो आपल्या म्हणीतल्या पहिल्या देशात आहे.

जर्मनीत ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या काठी एक जुनी पद्धत अजून चालू आहे. द्राक्ष पिकवणारा शेतकरी वर्षातले चार महिनेपर्यंत आपल्या घरी, वाड्यात, खळ्यावर टेबलं मांडतो. दाराला झाडू नाहीतर पाल्याची डहाळी टांगतो. झाडू दिसला की समजायचं, आज वाईन मिळते. त्यासाठी हॉटेलचा परवाना लागत नाही. अटी साध्या आहेत: वाईन स्वतः पिकवलेल्या द्राक्षाचीच पाहिजे, खुर्च्या चाळीसच्या वर नकोत, सोबत साधंच जेवण द्यायचं. शेजारच्या ऑस्ट्रियात सम्राट जोसेफ दुसरा यानं १७८४ साली फर्मान काढून शेतकऱ्याला घरची वाईन घरी विकायची मोकळीक दिली. व्हिएन्नाच्या भोवती ती परंपरा आजही जिवंत आहे.

बघा, तिथल्या कायद्यानं खोलीची मालकी पिकवणाऱ्याला दिली. चाळीस खुर्च्यांची मर्यादा मोठ्या भांडवलदाराला परवडतच नाही, म्हणून तो त्यात शिरत नाही. आपल्याकडं धोरणानं कर माफ केला, जमीन दिली, पण वायनरी उभी करायला करोडोंचं भांडवल लागतं. दोन एकरवाल्याला त्यात जागा कुठली?

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय? अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बासनात गेला. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणाली संस्कृती बुडेल. पण बाटली कुठल्या दुकानात ठेवायची यावरच सगळी भांडणं झाली. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर स्वतःचा माल पाहुण्याला विकता यावा का, हा प्रश्न ना सत्ताधाऱ्यांनी विचारला ना विरोधकांनी.

आणि हो, एक स्पष्ट सांगून ठेवतो. वाईन तब्येतीला चांगली, हा प्रचार डोळे झाकून मानू नका. दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय. टेस्टिंग रूममधून निघून स्वतः गाडी चालवणं हा तर सरळ गुन्हा आहे. परभणीत वायनरी काढा असं मी म्हणत नाही. आपल्याकडं द्राक्षाला लागणारं खात्रीचं पाणी आणि तशी गुंतवणूक कुठं आहे? अकलूजजवळच्या माळरानावर फ्रातेल्ली उभी राहिली, पण तिच्यामागं इटलीचं, दिल्लीचं आणि मोहिते-पाटलांचं घराणं होतं.

मला खोली पाहिजे. तिच्यात पेला कशाचा, ते आपण ठरवू.

आपल्याकडं काय आहे? ज्वारी आहे. १९७२ पासून आपल्या गावात कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी मोती', लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती', ही वाणं आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन देशभर फिरतात. पण परभणीच्या ज्वारीची चव घ्यायला परभणीत कुणी येतं का? डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास हुरडा पार्टीला माणशी शेकडो रुपये मोजतात. आपल्याकडं तोच हुरडा बांधावर फुकट खाल्ला जातो आणि उरलेली ज्वारी मोंढ्यात दुसरा सांगेल त्या भावानं जाते. औंढ्याला, पाथरीला, गंगाखेडला जनाबाईच्या गावी, उरुसाला परभणीत, दरवर्षी लाखो माणसं येतात आणि आपल्या शिवारातून काही न चाखता निघून जातात.

२०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलंय. शेतकरी स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवू शकतो, नोंदणी करू शकतो. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला हुरडा, तीन वाणांची भाकरी शेजारी-शेजारी, कुठली गोड, कुठली खुसखुशीत, का तशी, हे सांगणारी आपलीच पोरगी. नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये याहून वेगळं काय होतं?

फक्त एक गोष्ट नाशिककडून उलटी शिकायची. सुरुवातीपासून मालकी पिकवणाऱ्याची पाहिजे. गावातले दहा शेतकरी मिळून एक खोली, बचत गटाच्या हाती स्वयंपाक, आणि अनुदान मागायचंच तर सरकारला जर्मनीसारखी अट घालायला सांगायची: स्वतः पिकवलेलंच विकायचं. नाहीतर उद्या कुणी मोठा येईल, परभणीच्या ज्वारीवर झकास रिसॉर्ट बांधेल, आपली पोरं तिथं वेटर होतील आणि आपण बाहेरून फोटो लाइक करत बसू.

म्हण आपणच अभिमानानं म्हणतो, जगात जर्मनी, भारतात परभणी. मग जर्मनीतल्या शेतकऱ्याच्या दारावरचा तो झाडू आपल्याही एखाद्या वाड्याच्या दारावर टांगला जायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात कुणी हुरड्याला पाहुणे बोलवून चार पैसे मिळवत असेल तर कमेंटमध्ये तालुका आणि अनुभव लिहा. अडचणी काय येतात तेही लिहा. पटलं तर पोस्ट पुढं पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.